रुग्णाचा विमानप्रवास : काही आवश्यक माहिती

पुढील उपचारांसाठी रुग्णास नागपूरहून मुंबई वा दिल्लीस विमानाने नेऊ इच्छिणारे नातेवाईक आमच्याकडे दोन शंका हमखास व्यक्त करतात. बंद विमानात संसर्ग होईल काय, आणि रुग्णास प्रवास सोसवेल काय? आमच्या डॉक्टरांशी विचारविनिमय करून त्यांचा खुलासा येथे करीत आहोत.

पहिली भीती बरीचशी अनाठायी आहे. बहुतेक मोठ्या प्रवासी विमानांत सुमारे निम्मी हवा बाहेरून घेतली जाते व उरलेली हेपा फिल्टरमधून गाळून पुन्हा सोडली जाते. हे फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवितात. शेजारच्या आसनावरील खोकल्यापासून मात्र ते वाचवू शकत नाहीत. त्यासाठी मास्क वापरणे श्रेयस्कर.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. विमानातील हवा स्वच्छ असली तरी विरळ असते. वर्धा समुद्रसपाटीपासून हजार फुटांहूनही कमी उंचीवर आहे. उडत्या विमानातील हवेचा दाब मात्र ८,००० फुटांवरील दाबाइतका उतरू शकतो. तेथे श्वासातून मिळणारा प्राणवायू सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. निरोगी माणसास हे जाणवत नाही. परंतु हृदयविकार, फुप्फुसाचे जुनाट विकार वा तीव्र रक्तक्षय असलेल्यांस त्रास होऊ शकतो. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात प्राणवायू घटल्यास रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या अडवितात व असह्य वेदना सुरू होतात. दाब उतरला की शरीरात अडकलेली हवाही फुगते. म्हणून छाती वा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच विमानप्रवास टाळावा.

दाबाचे महत्त्व २० सप्टेंबर २०१८ रोजी जेट एअरवेजच्या मुंबई-जयपूर विमानात दिसून आले. दाब राखणारी यंत्रणा सुरू न केल्याने १६६ पैकी सुमारे ३० प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले आणि विमान मुंबईस परतवावे लागले. असे प्रसंग विरळा. नेहमीच्या उड्डाणातील प्राणवायूची घट मात्र प्रत्येक रुग्णाने गृहीत धरावयास हवी.

यास्तव तिकीट काढण्यापूर्वीच उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला व आवश्यक तेथे प्रमाणपत्र घ्यावे. स्वतःचे ऑक्सिजन सिलिंडर विमानात वापरता येत नाही. गरज असल्यास विमान कंपनीस काही दिवस आधी कळवावे. औषधे हातातील पिशवीत ठेवावीत व पाणी वरचेवर प्यावे. डॉक्टरांनी नकार दिल्यास खर्च वा निकड पुढे करून आग्रह धरू नये. अशा वेळी रेल्वे वा रुग्णवाहिकेचा विचार करावा, ही सर्व कुटुंबीयांस आमची नम्र विनंती.