संगणकाची पदवी आणि सलग वेळेचे गणित

मुंबईच्या नकाशावर मढ आणि वेसावे यांच्यामध्ये केवळ एक खाडी आहे. बोटीने ती काही मिनिटांत ओलांडता येते. रस्त्याने जायचे तर मात्र एरंगळ, आक्सा, मार्वे, मालवणी असा वळसा घालून आधी मालाड स्थानक गाठावे लागते. मार्वे रस्त्यावरील अथर्व अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा अंधेरीच्या भवन्स संकुलातील सरदार पटेल तंत्रज्ञान संस्था अंतराने फार दूर नाहीत. तरीही बोट, बस आणि रिक्षा यांची सांगड घालत रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस तुकड्यांत विभागला जातो. संगणकाच्या विद्यार्थ्याला हे तुकडे इतरांपेक्षा अधिक महाग पडतात, कारण या विषयाच्या स्वरूपातच दडलेले आहे.

इतिहासाचे प्रकरण बसमध्ये दहा पाने आणि रात्री दहा पाने असे वाचता येते. प्रोग्रॅमिंगचे तसे नाही. प्रोग्रॅम लिहायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कितीतरी अधिक वेळ त्यातील चूक शोधण्यात जातो. ही चूक नेहमीच समोर दिसते असेही नाही. ‘सी’ भाषेत पाचव्या ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहून गेला, तर कंपायलर अनेकदा सहाव्या ओळीकडे बोट दाखवतो. पुढचा शब्द वाचेपर्यंत काहीतरी राहून गेल्याचे त्याला कळतच नाही. नवखा विद्यार्थी मग सहावी ओळच पुन:पुन्हा तपासत बसतो.

कंपायलर मूकपणे मान्य करतो त्या चुका याहून त्रासदायक असतात. मासळीच्या दहा टोपल्यांना क्रमांक द्यायचे तर कोणीही १ ते १० असे देईल. ‘सी’ भाषा मात्र ० ते ९ असे देते. विद्यार्थ्याने सवयीने १० क्रमांकाची टोपली मागितली, तर ती अस्तित्वातच नसते. तरीही बहुतेक वेळा कोणतीही तक्रार न करता प्रोग्रॅम शेजारच्या स्मृतीत पडलेला कोणतातरी आकडा उचलतो आणि बेरीज चुकते. तिथे योगायोगाने शून्य असेल तर उत्तर बरोबरही येते आणि चूक लपून राहते. ती पकडायची तर कोणत्या क्षणी कोणत्या चलाची किंमत काय होती, हे सारे एकाच वेळी डोक्यात धरावे लागते. मध्येच उठावे लागले की हा डोलारा कोसळतो आणि पुन्हा पहिल्यापासून उभारावा लागतो.

महाविद्यालयाचे वेळापत्रक या गरजेशी जुळणारे नाही. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये हजेरी, जुन्या जर्नलवरील सही आणि नव्या प्रयोगाची माहिती यांत बराच वेळ सरतो. प्रोग्रॅम चालू लागतो न लागतो तोच पुढची बॅच दाराशी उभी असते. त्यात जर्नलचा सोपस्कार असतो. तोच प्रोग्रॅम हाताने लिहायचा, आऊटपुटची प्रत चिकटवायची आणि सबमिशनच्या आठवड्यात सह्यांसाठी रांगा लावायच्या. हे तास विचारात नव्हे, नकलेत खर्च होतात. परीक्षेत तर प्रोग्रॅम कागदावरच लिहायचा असतो. साहजिकच तो पाठ करण्याकडे कल वाढतो. पाठ केलेला प्रोग्रॅम व्हायव्हामध्ये एका प्रश्नाने उघडा पडतो आणि मग ‘केटी’चे ओझे पुढच्या सत्रावर येते.

अनेकांना अपेक्षाभंगाचाही धक्का बसतो. मोबाइलचे ॲप करायला मिळेल या आशेने आलेल्या विद्यार्थ्यापुढे संचसिद्धान्त, आलेखसिद्धान्त आणि तर्कशास्त्र येते. मात्र हे गणित वायफळ नाही. रेल्वेच्या वेळापत्रकापासून मोबाइलमधील नकाशापर्यंत, जवळचा मार्ग शोधण्यामागे आलेखसिद्धान्तच असतो. हा संबंध कोणी उलगडून दाखवला नाही, तर विषय केवळ उत्तीर्ण होण्यापुरता उरतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांना भाषेची भीती वाटते. प्रत्यक्षात १९८९च्या प्रमाणित ‘सी’ भाषेत राखीव शब्द अवघे ३२ आहेत. अडचण येते ती पाठ्यपुस्तकाच्या इंग्रजीची आणि त्रुटीसंदेशांची. पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात २०२१-२२ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्यास प्रारंभ झाला. मुंबईतील विद्यार्थ्यांसाठी पवईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे पाठही उपयुक्त आहेत. त्यांतील अनेक मराठीत असून ते उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय पाहता येतात.

यंत्रासमोरचा वेळ कमी असताना शिकायचे कसे, याचे एक उत्तर मुंबईच्याच इतिहासात सापडते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी १९६२ मध्ये त्याला हे नाव दिले. १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. त्या काळात संगणकाचा वेळ अत्यंत दुर्मीळ होता. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा सोपवून उत्तराची वाट पाहावी लागे. एक चूक म्हणजे पुन्हा तेवढीच प्रतीक्षा, त्यामुळे प्रोग्रॅम आधी कागदावर चालवून पाहण्याची सवय लागत असे.

ही सवय आजही उपयोगी आहे. वहीत प्रत्येक चलासाठी एक रकाना आखावा आणि प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचत त्याची किंमत बदलत जावी. वरील उदाहरणात क्रमांक १० वर पोहोचताच चूक डोळ्यांसमोर येते. बोटीची वाट पाहताना किंवा मालाडच्या बसमध्ये बसल्या जागी हे करता येते. म्हणजे यंत्रासमोर मिळणारा मोजका सलग वेळ केवळ अवघड चुकांसाठी उरतो. मोबाइलवर व्याख्यान पाहता येते, पण मोठा प्रोग्रॅम लिहिणे जिकिरीचे असते, हेही ध्यानात घ्यावे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आल्यापासून तयार प्रोग्रॅम क्षणात मिळू लागला आहे. त्यामुळे सबमिशन सोपे झाले, तरी शिकणे सोपे झालेले नाही. यंत्राने दिलेल्या प्रोग्रॅमलाही टोपल्यांचा हिशेब चुकू शकतो आणि ती चूक हेरायला तेच कौशल्य लागते. आधी स्वत: प्रयत्न करून, मग यंत्राच्या उत्तराशी ताडून पाहणारा विद्यार्थी त्यातून शिकतो. थेट उतरवून घेणाऱ्याच्या हाती केवळ कागद राहतो.

तथापि सारी जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. व्याख्याने संपल्यानंतर प्रयोगशाळा दोन तास खुली ठेवणे, लांबून येणाऱ्यांसाठी प्रॅक्टिकल दिवसाच्या कडेला न टाकणे आणि हाताने उतरवलेल्या जर्नलऐवजी ‘कोणती चूक झाली व ती कशी सापडली’ याची अर्ध्या पानाची नोंद मागणे, यांतील कशालाही नवी इमारत लागत नाही. संगणक आता बहुतेक महाविद्यालयांत आहेत. त्यांच्यासमोर निवांत बसायला मिळणारा वेळ मात्र विद्यार्थी कुठे राहतो यावर ठरतो, आणि गुणपत्रिकेतील अनेक फरकांचे मूळ बुद्धीत नसून तिथेच असते. वेळापत्रक आखणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून पाहायला हवे.