रेडियम, रफार आणि शिरोरेषा : वऱ्हाडातील विनाइल कटिंगच्या सॉफ्टवेअरचा आढावा

दुकानाच्या काचेवरील नाव, ऑटोरिक्षाच्या मागे लिहिलेले ‘श्री गजानन प्रसन्न’, दवाखान्याच्या दारावरील भेटीची वेळ आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर झळकणारे मालकाचे आडनाव, ही सारी अक्षरे अमरावती आणि अकोल्याच्या बाजारपेठेत ज्या कारागिरीतून तयार होतात तिला ‘रेडियम कटिंग’ म्हणतात. मागे गोंद आणि कागदी अस्तर असलेला रंगीत विनाइलचा रोल कटर-प्लॉटर या यंत्रात चढवला जातो, संगणकाच्या आज्ञेनुसार त्यातील बारीक पाते अस्तराला धक्का न लावता फक्त विनाइल चिरते, नको असलेला भाग हाताने सोलून काढला जातो आणि उरलेली अक्षरे ट्रान्सफर टेपवर उचलून काचेवर किंवा पत्र्यावर बसवली जातात. यंत्र घेताना रुंदी, पात्याचा दाब आणि किंमत यांची पुष्कळ चौकशी होते. सॉफ्टवेअर मात्र खोक्यात जे निघेल तेच वापरले जाते. रोमन अक्षरे कापणाऱ्याला ही उपेक्षा परवडते, देवनागरी कापणाऱ्याला नाही.

संगणकीय विनाइल कटिंगचा धंदा अमेरिकेतील गर्बर कंपनीच्या १९८३ मधील ‘साइनमेकर ३’ या यंत्रापासून रूढ झाला. पुढे रोलँड आणि ग्राफटेक या जपानी कंपन्यांची व त्यानंतर स्वस्त चिनी यंत्रे जगभर पसरली. यंत्र कोणत्याही बनावटीचे असले, तरी बहुतेकांना ह्यूलेट-पॅकार्डने पेन-प्लॉटरसाठी घडवलेली एचपीजीएल ही आज्ञाभाषा समजते. ‘पेन उचला’, ‘पेन टेकवा’, ‘अमुक बिंदूपर्यंत जा’ एवढ्याच तिच्या मुख्य आज्ञा असून त्यात एका मिलिमीटरचे ४० भाग धरलेले असतात. म्हणजे यंत्राला अक्षर कळत नाही, भाषा तर नाहीच. त्याला फक्त रेषा कळते, आणि अक्षराची सगळी जाण सॉफ्टवेअरकडेच असावी लागते.

ही जाण कितपत आहे हे तपासायला वऱ्हाडाने एक उत्तम शब्द पुरवला आहे. अकोला-बडनेरा रेल्वेमार्गावरील मूर्तिजापूर या गावाचे नाव युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील सर्व लिप्यांसाठी ठरवलेल्या समान संकेतांच्या पद्धतीत, उच्चाराच्या क्रमाने साठवले जाते : आधी ‘र्’, मग ‘त’, मग ऱ्हस्व वेलांटी. छापताना मात्र वेलांटी ‘त’च्या डावीकडे यावी लागते आणि ‘र्’चा रफार होऊन तो वर चढावा लागतो. ही फेरजुळणी सॉफ्टवेअरमधील जो भाग करतो त्याला अक्षरजुळणीचे इंजिन म्हणता येईल. ते नसलेल्या प्रोग्रॅममध्ये वेलांटी ‘त’च्या मागे पडते, रफाराच्या जागी पाय मोडलेला ‘र्’ सुटा उभा राहतो, आणि गावाचे नाव गावकऱ्यालाही वाचता येत नाही.

जुन्या मंडळींनी यावर काढलेला तोडगा म्हणजे श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींचे युनिकोडपूर्व फॉन्ट. यांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेले असतात, त्यामुळे सॉफ्टवेअरला देवनागरी येत नसली तरी काम निभते. त्याची किंमत नंतर मोजावी लागते, कारण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नावाच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, आणि व्हॉट्सॲपवर ग्राहकाने पाठवलेला युनिकोड मजकूर पुन्हा टाइप करावा लागून शुद्धलेखनाच्या नव्या चुका शिरतात. मुक्त परवान्यावर मोफत मिळणारे मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्त आणि बलू, किंवा नोटो सान्स देवनागरी, असे युनिकोड फॉन्ट आता उपलब्ध असताना नव्या दुकानाने जुन्या प्रणालीवर पाया घालण्याचे कारण उरलेले नाही.

अक्षरजुळणीपेक्षाही अधिक नुकसान करणारी, आणि विक्रेते क्वचितच सांगतात अशी, दुसरी अडचण शिरोरेषेची आहे. रोमन शब्दातील छापील अक्षरे सुटी असतात. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि हे तुकडे शेजारच्या तुकड्यावर किंचित चढलेले असतात. पडद्यावर आणि फ्लेक्सच्या छपाईत हा चढाव दिसत नाही, कारण काळ्यावर काळेच पडते. पाते मात्र प्रत्येक आकृतीची संपूर्ण कड कापत जाते, त्यामुळे जिथे दोन अक्षरे भेटतात तिथे शिरोरेषेला आडवे छेद बसतात. सोलताना शब्द तुकड्यातुकड्यांनी निघतो, आणि कसाबसा चिकटवला तरी उन्हाने विनाइल आकसू लागले की नेमक्या त्याच छेदांवर फटी पडतात. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हा दोष लपून राहत नाही.

उपाय साधा आहे : मजकुराचे आधी वक्ररेषांत रूपांतर करायचे आणि मग परस्परांवर चढलेल्या सर्व आकृत्या एकजीव करून त्यांची एकच बाह्यरेषा काढायची. कोरलड्रॉमध्ये या दुसऱ्या क्रियेला ‘वेल्ड’, तर इंकस्केपमध्ये ‘युनियन’ म्हणतात. ट्रॅक्टर आणि रिक्षांवर लोकप्रिय असलेली दुरंगी किनार काढण्यापूर्वीही वेल्ड झालेले असले पाहिजे, नाहीतर किनार प्रत्येक अक्षराभोवती वेगळी उमटते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही क्रिया नाही किंवा ती भरवशाने चालत नाही, ते मराठी पाटीसाठी निरुपयोगी समजावे, मग त्यात हजार तयार चित्रे का असेनात.

या कसोटीवर यंत्रासोबत मिळणारे प्रोग्रॅम बहुधा फक्त निरोप्याच्या कामाचे ठरतात : तयार रेषा घ्याव्यात, यंत्राकडे पोचवाव्यात. पात्याचे टोक त्याच्या अक्षापासून सुमारे पाव मिलिमीटर बाजूला असते, त्याची भरपाई यंत्रात किंवा या प्रोग्रॅममध्ये नोंदवली की कोपरे गोल होत नाहीत; एवढे जमले तरी पुरे. चिनी यंत्रांबरोबर येणारे आर्टकट याच वर्गातले.

१९८९ मध्ये बाजारात आलेल्या कोरलड्रॉचे स्थान वेगळे आहे. मुद्रणालय, फ्लेक्सचे दुकान आणि रेडियमवाला यांच्यात फाइलींची देवघेव कोरलच्याच स्वरूपात होते, आणि जुन्या आवृत्तीत नव्या आवृत्तीची फाइल उघडत नसल्याने सर्वांना कमी-अधिक एकाच आवृत्तीवर राहावे लागते. छापलेल्या स्टिकरच्या कडेने कापायचे असेल, म्हणजे छापलेल्या खुणा यंत्राने ओळखून त्याप्रमाणे पाते फिरवायचे असेल, तर फ्लेक्सीसारखे खास सॉफ्टवेअर उपयोगी पडते. मात्र केवळ एकरंगी अक्षरे कापणाऱ्याने त्याचे भाडे भरणे ही उधळपट्टी आहे.

२००३ पासून विकसित होत असलेले मोफत इंकस्केप देवनागरीची जुळणी बिनचूक करते, युनियन देते आणि २०१५ मधील ०.९१ आवृत्तीपासून कटरला थेट आज्ञाही पाठवू शकते. ही जोडणी पहिल्यांदा बसवताना पोर्ट, वेग आणि ड्रायव्हर यांत डोके शिणते आणि कोरलच्या फाइली त्यात नेहमीच नीट उघडत नाहीत, हे खरे. तरीही कोरलड्रॉच्या चोरीच्या प्रतीपेक्षा हा मार्ग बरा. प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती वापरणाऱ्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार किमान सात दिवसांची कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, ही गोष्ट छोट्या दुकानांत कोणी फारशी मनावर घेत नाही.

या निवडीला आता निकड आली आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट कारखान्याकडूनच मिळू लागली आणि पुढे जुन्या वाहनांनाही ती सक्तीची झाली, त्यामुळे अमरावतीच्या एमएच २७ आणि अकोल्याच्या एमएच ३० च्या पाट्या कापण्याचे (आणि ४१४१ चे ‘दादा’ करून देण्याचे बेकायदा पण बरकतीचे) काम आटले. उलट महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असे ठरले. उरलेला धंदा देवनागरीचा आहे.

नवे यंत्र घेणाऱ्याने म्हणून पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याकडून ‘मूर्तिजापूर’, ‘दर्यापूर’ आणि ‘बार्शीटाकळी’ ही तीन नावे युनिकोडमध्ये टाइप करवून, वेल्ड करवून, इंचभर उंचीत कापून आणि समोर सोलून घ्यावीत. शिरोरेषा अखंड उचलली गेली तरच सौदा करावा.