बाह्य फरसबंदी

अंगण, उघडी गच्ची, सज्जा, बागेतील बैठकीची जागा अशा छप्पर नसलेल्या ठिकाणी दगड, लादी, लाकूड इत्यादी साहित्य वापरून केलेल्या जमिनीस बाह्य फरसबंदी म्हणतात. आधाराच्या पट्ट्यांवर फळ्या बसवून, मूळ जमिनीपासून किंचित उचलून केलेल्या अशा जमिनीला ‘डेक’ हा इंग्रजी शब्द रूढ झाला आहे. घराच्या आतील जमिनीस ऊन व पाऊस यांचा थेट मारा सोसावा लागत नाही. बाहेरील जमिनीस तो वर्षभर सोसावा लागतो. त्यामुळे आत शोभणारे साहित्य बाहेर टिकेलच असे नाही. चुकीच्या निवडीमुळे पाय घसरून होणारी इजा, गच्चीतून होणारी गळती आणि लाकडास लागणारी वाळवी हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम होत.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रातील खेड्यांत मातीचे अंगण पाणी मारून, धुम्मसाने चोपून व शेणाने सारवून तयार करीत. पावसात ते वाहून जात असल्याने पावसाळा संपल्यावर ते दरवर्षी नव्याने करावे लागे. सिंधुदुर्ग परिसरात अशा अंगणास ‘खळे’ म्हणतात. वाड्यांच्या चौकांत व नदीच्या घाटांवर मात्र घडीव काळ्या दगडाची फरसबंदी आढळते.

निवडीचे निकष

घसरण : ओल्या पृष्ठभागावर पायाची पकड टिकणे हा पहिला निकष होय. जर्मनीतील उतरत्या फळीवरील चाचणीनुसार लाद्यांना आर-९ ते आर-१३ अशी श्रेणी दिली जाते. आकडा जितका मोठा, तितकी पकड अधिक. उघड्या जागेसाठी सामान्यतः आर-११ किंवा त्यावरील श्रेणी निवडतात. वृद्ध माणसे व लहान मुले असलेल्या घरांत या निकषास विशेष महत्त्व असते.

पाणी शोषण : सच्छिद्र साहित्यात पाणी मुरते आणि त्यावर शेवाळ लवकर धरते. पोर्सेलिन लादीचे जलशोषण तिच्या वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षा अधिक नसते. साध्या सिरॅमिक लादीचे ते बरेच अधिक असते.

उष्णता : गडद रंगाची जमीन उन्हात अधिक तापते. गच्च्यांवर पांढऱ्या चिनी मातीच्या लाद्यांचे तुकडे बसवण्याची पद्धत याच कारणाने रूढ झाली.

वजन : ३० मिलिमीटर जाडीच्या दगडी फरशीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ७५ ते ८० किलोग्रॅम भरते, खालच्या मसाल्याचे वजन वेगळे. म्हणून जुन्या गच्चीवर किंवा सज्जावर दगड घालण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला आवश्यक ठरतो.

प्रमुख साहित्य

शहाबादी व कोटा फरशी : शहाबाद हे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील, तर कोटा हे राजस्थानातील शहर आहे. दोन्ही फरश्या चुनखडीच्या असून थरांवर फुटतात. गुळगुळीत केलेली फरशी ओली झाली की निसरडी होते. त्यामुळे बाहेर खडबडीत, नैसर्गिक पृष्ठाची फरशी योग्य ठरते. चुनखडीवर आम्लाची प्रक्रिया होत असल्याने ती आम्लाने धुणे हानिकारक असते.

काळा दगड : दख्खनच्या पठारावरील हा बेसाल्ट कठीण व टिकाऊ असतो. तो घडवणे कष्टाचे असते आणि उन्हात तो फार तापतो.

जांभा : कोकणातील हा दगड खाणीतून काढताना तुलनेने मऊ असतो व हवा लागल्यावर टणक होतो. पृष्ठ खडबडीत असल्याने पकड चांगली मिळते. परंतु तो सच्छिद्र असल्याने सावलीच्या जागी त्यावर शेवाळ साचते.

लाकूड : सागात नैसर्गिक तेल असल्याने तो वाळवीस व कुजण्यास चांगला प्रतिकार करतो. तेलपाणी न केल्यास त्याचा रंग कालांतराने राखाडी होतो. केवळ रंग बदलल्याने मजबुती कमी होत नाही. लाकूड ओलाव्याने फुगते, म्हणून फळ्यांमध्ये काही मिलिमीटर फट ठेवतात. आर्सेनिकयुक्त द्रावणाने टिकाऊ केलेले लाकूड घरगुती डेकसाठी वापरणे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस बहुतांशी थांबले. अशा लाकडाचे जुने तुकडे जाळणे धोक्याचे असते.

लाकूड-प्लॅस्टिक मिश्र फळ्या : लाकडाचा भुसा व प्लॅस्टिक यांपासून त्या बनवतात. त्यांस रंगरोगणाची गरज नसते. मात्र त्या उन्हात तापतात व लांबीत प्रसरण पावतात. त्यामुळे टोकांशी मोकळी जागा ठेवावी लागते.

उतार व निगा

साहित्य कितीही उत्तम असले तरी पाणी साचल्यास ते निरुपयोगी ठरते. फरसबंदीस दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार देतात व तो घराच्या भिंतीपासून दूर ठेवतात. गच्चीवर फरशीच्या खाली जलरोधक थर आवश्यक असतो. फरशी स्वतः गळती थांबवत नाही. डेकखालील पाणी वाहून जाण्याची वाट मोकळी नसेल, तर फळ्या वरून शाबूत दिसत असतानाच आधाराच्या पट्ट्या कुजतात. पावसाळ्यापूर्वी सांधे व पन्हळी साफ करणे आणि पावसाळ्यात ताठ कुंच्याने शेवाळ घासून काढणे, एवढी निगा सर्वच प्रकारांना लागते.