छत्तिसावा दिवस : निवासी व्यसनमुक्ती केंद्र नेमकं काय करतं?

गेल्या महिन्यात आपण इच्छास्वातंत्र्य हा विषय घेतला होता. व्याख्यान संपलं आणि एक चिठ्ठी आमच्या हातात आली. खाली नाव नव्हतं. मजकूर असा : धाकटा भाऊ बेचाळीस वर्षांचा आहे, रोज पितो, सकाळीही पितो. घरच्यांनी ठरवलंय, लग्नाला जायचंय म्हणून गाडीत बसवायचं आणि थेट केंद्रात नेऊन सोडायचं. सर, हे करावं का?

घाईत देण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून चिठ्ठी खिशात घातली. आजचं व्याख्यान त्या चिठ्ठीसाठी आहे.

सुरुवात जुन्या प्रश्नापासून करू. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, की इच्छा नसतानाही, जणू कुणी बळजबरीने ढकलल्यासारखा माणूस पाप का करतो? लक्षात घ्या, त्याला पाप म्हणजे काय ते ठाऊक आहे. त्याचा प्रश्न ज्ञानाचा नाही. ग्रीकांकडे याला एक शब्द होता, अक्रासिया. म्हणजे कळतं पण वळत नाही. सॉक्रेटिसचं म्हणणं, असं काही नसतंच; जो चुकीचं करतो त्याला मुळात नीट कळलेलंच नसतं. ॲरिस्टॉटलला हे पटलं नाही. 'निकोमेकियन एथिक्स'च्या सातव्या भागात तो म्हणतो, कळणं दोन तऱ्हांचं असतं. दारू चढलेला माणूससुद्धा एम्पेडोक्लीजच्या ओळी घडाघडा म्हणून दाखवतो. शब्द तोंडात असतात, अर्थ त्या क्षणी जागा नसतो. आपल्याकडचं रूप सगळ्यांनी पाहिलेलं आहे : रात्री दहाला मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणारा बाप. तो खोटं बोलत नसतो हो. सकाळी आठला ती शपथ त्याच्याजवळ असते, पण एम्पेडोक्लीजच्या ओळींसारखी.

पुढे ॲरिस्टॉटल एक फार प्रामाणिक वाक्य लिहितो, ज्याकडे आम्ही वर्गात पंचवीस वर्षं दुर्लक्ष केलं. त्याचा आशय असा, की हे झाकोळलेलं ज्ञान परत कसं येतं, हे झोपलेला किंवा प्यालेला माणूस शुद्धीवर कसा येतो यासारखंच आहे, आणि ते शरीराचा अभ्यास करणाऱ्यांना विचारावं. म्हणजे तत्त्वज्ञाने इथे थांबावं, वैद्याला पुढे येऊ द्यावं.

तर वैद्याकडे जाऊ. अनेक वर्षं रोज दारू घेणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद केली, की सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि यात उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. म्हणून पहिला आठवडा औषधांचा : बेंझोडायझेपिन गटातली गोळी हळूहळू कमी करत न्यायची, आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, द्यायचं. खोलीत कोंडून ठेवला की सुटेल, असं मानणाऱ्या घरांनी हे ऐकून ठेवावं. गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं, वेगळं. त्याच्या 'टर्की'त अंग पिळवटून निघतं, उलट्या-जुलाब होतात, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं; माणसाला वाटतं मेलो, पण त्याने जीव जाणं क्वचित. तिथला धोका नंतरचा आहे, त्याकडे येतो.

शरीर शुद्धीवर आलं. आठवडा-दहा दिवस झाले. मग उरलेले दिवस कशासाठी? इथे आपण पुण्याच्या मुक्तांगणचं उदाहरण घेऊ. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर १९८६ साली येरवड्याला ते सुरू केलं. त्याआधी अवचटांनी गर्दुल्ल्यांवर जे लिहिलं, त्याने अनेकांची झोप उडाली होती. तिथला निवासी उपचार पस्तीस दिवसांचा. भरती झालेल्याला 'पेशंट' न म्हणता 'रुग्णमित्र' म्हणतात. शब्दाने काय होतं, असं कुणी म्हणेल. आम्ही शब्दांवरच पोट भरलं, तेव्हा आमचं मत सोडून द्या. पण ज्याला घरात दोन वर्षं 'बेवडा' याखेरीज हाक मिळालेली नाही, त्याला विचारा.

निवासी केंद्रात दिवस कसा असतो? पहाटे उठायचं, अंथरूण घडी करायचं, प्रार्थना, व्यायाम किंवा प्राणायाम, नाश्ता, गटचर्चा, समुपदेशकाबरोबर बसणं, आणि कामाची पाळी : झाडू मारणं, भाजी चिरणं, ताटं धुणं. बाहेरून बघणाऱ्याला हे शाळेतल्या शिस्तीसारखं वाटतं. पण जरा विचार करा. २०१९ साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या तज्ज्ञांनी देशभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा ते पंचाहत्तर वयाच्या पुरुषांत दारू घेणारे २७.३ टक्के, बायकांत १.६ टक्के. म्हणजे आपल्याकडे हे मुख्यतः पुरुषांचं दुखणं आहे, आणि आपला पुरुष दोन गोष्टी शिकलेला नसतो : स्वतःचं ताट धुणं, आणि दुसऱ्या पुरुषासमोर 'मला भीती वाटते' असं म्हणणं. केंद्रात दोन्ही करावं लागतं. भाजी चिरताना माणूस जे बोलतो ते तो डॉक्टरच्या खुर्चीसमोर बोलत नाही. आणि शेजारी बसलेला समुपदेशक बरेचदा स्वतःच कधीकाळी तिथेच भरती झालेला असतो; त्याच्यापुढे सबबी चालत नाहीत, कारण त्या सगळ्या त्याने स्वतः वापरलेल्या असतात. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात बिल विल्सन हा शेअरदलाल आणि बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक, दोघे दारुडे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभं राहिलं. शोध एवढाच होता, की एक दारुडा दुसऱ्या दारुड्याचं ऐकतो. जगातल्या बहुतेक निवासी कार्यक्रमांच्या मुळाशी आजही हेच आहे.

ॲरिस्टॉटलच्याच भाषेत सांगायचं तर सद्गुण सवयीने येतो. वीणा वाजवून वादक होतो, तसं. पस्तीस दिवस ही त्या सवयीची पहिली सरगम. वादक होत नाही कुणी पस्तीस दिवसांत.

आता चिठ्ठी. फसवून नेणं. इथे होमरची गोष्ट उपयोगी पडते. सायरेन नावाच्या गाणाऱ्या बायका, त्यांचं गाणं ऐकलं की खलाशी ओढले जाऊन मरायचे. ओडिसिअसने सोबत्यांच्या कानांत मेण घातलं, स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं, आणि सांगून ठेवलं, की मी सोडा म्हटलं तर आणखी घट्ट बांधा. यॉन एल्स्टर या विचारवंताने १९७९ साली यावर पुस्तकच लिहिलं. शहाणा माणूस आपल्या उद्याच्या दुबळेपणाची सोय आज करून ठेवतो. निवासी केंद्र म्हणजे ती डोलकाठी. पण मंडळी, एक तपशील सुटू देऊ नका. ओडिसिअसला बांधलं ते त्याच्या सांगण्यावरून. सोबत्यांनी त्याला मेजवानीचं आमिष दाखवून बांधलं असतं, तर ती गोष्ट वेगळी झाली असती.

आपला कायदाही हाच फरक करतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित अवस्था येतात. सज्ञान माणूस स्वतःहून भरती झाला तर साधारणपणे तो म्हणेल तेव्हा जाऊ शकतो. त्याच्या मर्जीविरुद्ध ठेवायचं तर त्याने नेमलेल्या किंवा कायद्याने ठरलेल्या प्रतिनिधीचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ. आणि तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या स्थितीत आहे, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या पलीकडे गेलाय, असं दिसावं लागतं. तेही तीस दिवसांच्या मर्यादेत. साखळीने बांधायला बंदी आहे. याच कायद्यात आगाऊ निर्देशाची सोय आहे : शुद्धीवर असताना लिहून ठेवायचं, की माझी अशी अवस्था झाली तर माझ्यावर असे उपचार करा. ही खरी ओडिसिअसची चिठ्ठी. फार थोड्यांना माहीत आहे, आणि वकिलांनाही विचारलं तर ते आधी मालमत्तेबद्दल बोलायला लागतात.

आणि व्यवहार बघा. फसवून आणलेला माणूस पहिले पंधरा दिवस उपचार घेत नाही, सूड ठरवत असतो. ज्या केंद्राचं दार बाहेरून बंद, घरच्यांना महिनाभर भेटू देत नाहीत, डॉक्टर कोण ते सांगत नाहीत, नोंदणी दाखवत नाहीत, तिथे कुणालाही, कितीही कळवळ्याने, सोडू नये. मारहाणीच्या बातम्या आपण वाचतोच.

पण समजा सगळं नीट झालं. चांगलं केंद्र, स्वतःची इच्छा, पस्तीस दिवस. छत्तिसाव्या दिवशी काय? व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे कितीतरी सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. सरकार धास्तावलं होतं, हे सगळे परत आले की काय होणार? ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्यांचा मागोवा घेतला, तर तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झालेले पाच टक्क्यांच्या आसपास निघाले. लोकांनी यावरून 'जागा बदला, व्यसन सुटेल' असा निष्कर्ष काढला. आम्हाला त्यात उलटी गोष्ट दिसते. ते सैनिक ज्या जागी व्यसनी झाले ती जागा सोडून घरी गेले. आपला रुग्णमित्र ज्या जागी व्यसनी झाला त्याच जागी परत जातो. तोच नाका, तोच गुत्ता, तेच मित्र, तीच संध्याकाळची सातची वेळ. गर्द घेणाऱ्याचा मघाशी राहिलेला धोका इथे : महिनाभरात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, तो जुन्याच मापाने घेतो, आणि श्वास थांबतो.

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आलं. सगळ्यांना सिंधूचे हाल आणि तळीराम आठवतो. आम्हाला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. सुधाकर दारू सोडायचं ठरवतो, काम मागायला प्रतिष्ठितांच्या दारी जातो, आणि ते त्याला झिडकारतात. तिथून तो पुन्हा पेल्याकडे जातो. सुधारलेल्या सुधाकरासाठी गावात खुर्ची ठेवलेली नव्हती. आपण मात्र शंभर वर्षं पहिल्या पेल्यावर व्याख्यानं देत आलोय.

हे आम्ही मोठ्या तोंडाने बोलतोय, पण आमचंही ऐका. आमच्या विभागात एक सहकारी होते, तर्कशास्त्र शिकवायचे. प्यायचे. आम्ही चौघांनी त्यांचे तास आपसात वाटून घेतले, प्राचार्यांना 'ब्लड प्रेशर' सांगितलं, आणि याला मैत्री समजलो. सहा वर्षं. त्यामुळे त्यांना दारूची किंमत कधी मोजावीच लागली नाही. ती त्यांच्या पत्नी मोजत होत्या. शेवटी ते एका केंद्रात राहून आले. आणि आम्ही काय केलं? जपायचं म्हणून वेळापत्रकात त्यांना तासच ठेवले नाहीत. पेपर तपासायला दिले नाहीत. चहाला गेलो की आवाज खाली करायचो. ते स्टाफरूममध्ये वर्तमानपत्र धरून बसायचे, पान उलटायचे नाहीत. दोन महिन्यांत पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्यांदा ते परत आले तेव्हा वहिनी आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, "भावजी, त्यांना सकाळी साडेसातचा तास द्या. आणि नाही आले तर कुणी घेऊ नका, मुलांना बसू दे रिकामं." आम्हाला ते क्रूर वाटलं. पण दिला. पहिल्या आठवड्यात ते सव्वासातला येऊन फळा पुसत होते. मधे एकदा घसरले, त्याच संध्याकाळी स्वतः समुपदेशकाला फोन केला, मंगळवारच्या मीटिंगला जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. निवृत्तीपर्यंत तो तास त्यांचाच राहिला.

तर चिठ्ठी लिहिणारे जे कुणी इथे असतील त्यांना. लग्नाचं सांगू नका. सकाळी, तो त्यातल्या त्यात शुद्धीवर असेल तेव्हा, घरातल्या सगळ्यांनी बसून खरं सांगा : तू मरतोयस, आम्ही थकलोय, अमुक तारखेला खाट ठेवलीय. पैसे, उसनवारी, ऑफिसला खोटे फोन, हे सगळं त्याच दिवसापासून बंद. नाही म्हणाला तर आठवड्याने पुन्हा. भास, फिट, मारामारी, जिवाचं काही बोलणं असेल तर वाट न बघता रुग्णालय. तिथे कायद्याचा मार्ग आहे. त्याला यायचंच नसेल तरी तुम्ही एकटे समुपदेशकाकडे जाऊ शकता, घरच्यांच्या वेगळ्या बैठका असतात. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि तो जाईल त्याच आठवड्यात घरात बसून ठरवा, की छत्तिसाव्या दिवशी सकाळी त्याने उठून कुठे जायचं.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे : दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार मिळणारा एकशे ऐंशीत एक. तुमचा भाऊ त्या एकात आला तर ते कमी नाही.

बरं, वेळ झाली. प्रश्न घेऊ. नाव न लिहिता चिठ्ठी दिली तरी चालेल.