रोहित्राचा आकार कसा ठरवावा?

घरातील वीज २३० व्होल्टची असते आणि तिचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा मागेपुढे हेलकावे घेतो. लहान रेडिओला किंवा ध्वनिवर्धकाला मात्र अल्प दाबाचा, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह हवा असतो. हे रूपांतर करणाऱ्या पेटीतील सर्वांत जड भाग म्हणजे ट्रान्सफॉर्मर, अर्थात रोहित्र. पेटी आटोपशीर व्हावी म्हणून प्रथम त्याच्यावरच कात्री चालते, आणि पुढील अनर्थाचे मूळ पुष्कळदा तेथेच असते.

समजा, १२ व्होल्ट दाबाचा १ अँपिअर प्रवाह हवा आहे. बारा गुणिले एक म्हणजे १२. तेव्हा १२ व्होल्ट-अँपिअरचे रोहित्र पुरेल, असे कोणासही वाटेल. हा हिशेब दोन ठिकाणी चुकतो.

पहिली चूक दाबाची. दाब स्थिर राखणाऱ्या ७८१२ या नियामकाला १२ व्होल्ट देण्यासाठी स्वतःला सुमारे साडेचौदा व्होल्ट तरी मिळावे लागतात. रोहित्राची दुय्यम गुंडाळी १५ व्होल्टची घेतली, तर तिचा शिखरदाब २१ व्होल्टच्या किंचित वर जातो. चार डायोडांच्या पुलात त्यांतील सुमारे दोन व्होल्ट खर्च होतात. पुढे ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, तरी दोन व्होल्टांची चढउतार उरतेच. घरची वीज दहा टक्क्यांनी उतरली की शेवटी हाती राहतात जेमतेम १५ व्होल्ट. म्हणजे १५ व्होल्टची गुंडाळी ही चैन नसून गरज होय. उलट वीज चढली आणि भार नसला, तर कपॅसिटरवर २५ व्होल्टांहून अधिक दाब येऊ शकतो. म्हणून तो ३५ व्होल्टचा असावा.

दुसरी चूक प्रवाहाची, आणि तीच अधिक घातक. कपॅसिटर प्रवाह संथपणे घेत नाही. शिखरापाशी घोटाघोटाने ओढतो. त्यामुळे बाहेर १ अँपिअर जात असता गुंडाळीत तापनाच्या दृष्टीने सुमारे १.८ अँपिअर वाहतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साहजिकच १ अँपिअरसाठी केलेल्या गुंडाळीत तिपटीहून अधिक उष्णता निर्माण होते, बंद पेटीत ती कोंडते आणि तारेवरील आवरण करपू लागते. १५ गुणिले १.८ म्हणजे २७. तेव्हा ३० व्होल्ट-अँपिअरचे रोहित्र घेणे योग्य.

मोबाइलचा चार्जर एवढासा कसा, असा प्रश्न येथे उद्भवेल. त्यात प्रवाहाची आवर्तने सेकंदाला हजारोंच्या घरात नेलेली असतात, म्हणून चिमुकला गाभा पुरतो. ५० आवर्तनांच्या लोखंडाला ती सवलत नाही. जागा वाचवायचीच असेल तर कड्याच्या आकाराचे रोहित्र घ्यावे, पेटीला हवेची छिद्रे ठेवावीत आणि प्राथमिक बाजूस फ्यूज न चुकता बसवावा. वाचवायची ती जागा, क्षमता नव्हे.