पहिली बासरी : निवड व पारख

बंगळूर शहरी कर्नाटक व हिंदुस्थानी या दोन्ही संगीतपद्धतींचे शिक्षण उपलब्ध आहे. म्हणून बासरी विकत घेण्यापूर्वी कोणत्या पद्धतीने शिकावयाचे, हे ठरविणे अगत्याचे ठरते. कन्नड भाषेत ‘कोळलु’ म्हटल्या जाणाऱ्या कर्नाटक बासरीस मुखरंध्राखेरीज आठ रंध्रे असतात; त्यांपैकी सहसा सातच बोटांखाली येतात. हिंदुस्थानी बासरीस बहुधा सहा स्वररंध्रे असतात. पहिलीवर वरची दोन रंध्रे झाकली असता मध्य षड्ज निघतो, तर दुसरीवर तीन. एकीवर बसलेला हात दुसरीवर सहजी चालत नाही.

लांबीचा विचार त्यानंतर येतो. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी रूढ केलेली सुमारे ३२ इंचांची बासरी गंभीर स्वराची असली, तरी तिची रंध्रे नवशिक्याच्या बोटांना दूर पडतात. कर्नाटक पद्धतीत आरंभी ‘पाच कट्टै’, म्हणजे महाराष्ट्रात ज्यास ‘पांढरी पाच’ म्हणतात, त्या स्वराची आखूड बासरी सोयीची होते.

बांबू घ्यावा की प्लॅस्टिक? अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आतील मापे सारखी ठेवून चांदी, तांबे व लाकूड यांपासून बनविलेल्या बासऱ्यांचा ध्वनी जाणकारांनाही वेगळा ओळखता आला नाही. स्वर घडतो तो नळीतील हवेच्या स्तंभात. त्यामुळे पोकळीचे माप, मुखरंध्राची कड आणि रंध्रांची जागा यांना अधिक महत्त्व आहे. योग्य मापाची प्लॅस्टिकची बासरी म्हणूनच हिणकस मानण्याचे कारण नाही. ती कोरड्या हवेत तडकतही नाही. बांबू मात्र उन्हाळ्यात चिरतो. त्याला अधूनमधून तेलाचा हात द्यावा लागतो व दोऱ्याचे वेढे त्यास आधार देतात.

पारख करताना तंबोऱ्याच्या साथीने मध्य षड्ज वाजवावा व मग त्याच बोटांनी, फुंकर तीव्र करून, तार षड्ज काढावा. दोन्ही तंबोऱ्याशी जुळले नाहीत, तर ते वाद्य टाकावे. ही परीक्षा नवशिक्यास स्वतः करता येत नाही. म्हणून गुरूस अथवा जाणत्या वादकास बरोबर न्यावे.

शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त बासऱ्या पुष्कळदा बेसूर असतात. तशी बासरी हाती आली, की मूल महिनोन्महिने फुंकर घालते आणि अखेर आपल्याच कानांना व श्वासाला दोष देऊन वाद्य खाली ठेवते. दोष बांबूचा होता, हे त्यास कोणी सांगत नाही.