गळालेली पंचवीस अक्षरे

चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर रोज संध्याकाळी असंख्य माणसे वारा खाण्यास येतात. भारतीय लोकसंख्येची सरासरी लावली, तर त्यांतील दर 25 माणसांमागे एकाच्या एका जनुकातून 25 अक्षरे गळालेली असतात. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. हृदयाच्या स्नायूत मायोसिन या प्रथिनाचे जाड तंतू आणि ॲक्टिनचे बारीक तंतू एकमेकांत गुंफलेले असतात. मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडून ओढतात, तेव्हा स्नायू आकुंचन पावतो. या ओढीवर अंकुश ठेवणारे, जाड तंतूला बिलगलेले एक प्रथिन आहे. त्यास 'सी-प्रथिन' म्हणतात. त्याची कृती या जनुकात लिहिलेली असते. गळालेली अक्षरे प्रत्यक्ष कृतीतील नव्हेत, दोन परिच्छेदांमधील मोकळ्या जागेतील आहेत. परंतु त्यांच्या अभावी पेशी पुढचा परिच्छेदच गाळून वाचू शकते. मग प्रथिनाचे शेपूट बिघडते आणि ते तंतूवर नीट बसत नाही.

अशा बिघाडाने हृदयाची भिंत जाड होऊ शकते, किंवा हृदय फुगून दुबळे होऊ शकते. हैदराबाद येथील पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे कुमारसामी तंगराज व त्यांचे सहकारी यांनी 2009 साली ही गोष्ट जगापुढे मांडली. हा लोप सुमारे 33,000 वर्षांपूर्वी घडला असावा, आणि तो असणाऱ्यांस हृदयविकाराचा धोका सुमारे सातपट असतो, असे त्यांचे अनुमान होते. इतका घातक दोष इतकी सहस्रके टिकला कसा? विकार बहुधा उतारवयाकडे झुकल्यावर प्रकट होतो. तोपर्यंत दोष पुढील पिढीकडे गेलेला असतो.

तथापि सहा कोटी भारतीयांवर भीतीची छाया टाकण्याची घाई करू नये, हे बरे. 2020 साली ब्रिटनमधील संशोधकांनी हा प्रश्न पुन्हा तपासला. नुसत्या लोपाचा परिणाम अल्प दिसला. खरा धोका त्याच जनुकात, काही थोड्या वाहकांमध्ये, त्याच्या सोबतीने वारशात येणाऱ्या दुसऱ्या एका फरकाशी जोडलेला आढळला. म्हणजे शेजारी गुन्हेगार होता आणि संशय भलत्यावर गेला होता!

आई-बाप दोघांकडूनही लोप आला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. अशा मुलांत विकार लहानपणीच उग्र रूप धारण करू शकतो. म्हणून घरातील कोणी तरुणपणी अकस्मात दगावले असेल, किंवा धावताना कोणास भोवळ येत असेल, तर डॉक्टर सख्ख्या नातेवाइकांच्याही हृदयाची ध्वनिलहरींनी तपासणी करवून घेतात.